गोदावरीचा तळही तपासा

महिन्यातून एकदा गोदावरीचे पाणी बाटलीत भरले जाते. ठरलेल्या ठिकाणी नमुना घ्यायचा, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची आणि ती प्रयोगशाळेकडे पाठवायची, ही प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्षानुवर्षांची पद्धत. विरघळलेला ऑक्सिजन किती, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजे बीओडी किती, सामू किती, मैल्यातले जिवाणू किती, हे आकडे त्यातून कळतात आणि नदीची प्रतवारी त्यांवर ठरते. हे काम गरजेचे आहे. पण नमुना सकाळी अकराला घेतला आणि घाण रात्री दोनला सोडली गेली असेल, तर बाटलीला त्यातले काही कळत नाही. ते पाणी तोवर पुढे निघून गेलेले असते.

नदीच्या तळाशी राहणारे जीव पुढे निघून जात नाहीत. दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेली किड्यांची पिल्ले, वाळूत रुतलेले शिंपले, गोगलगायी, चिखलातले गांडुळासारखे जंत, जळवा, झिंगे, खेकडे हे सगळे आठवडे, महिने, काही तर वर्षे त्याच परिसरात काढतात. दुपारचे पाणी त्यांच्या अंगावरून जाते तसे रात्री दोनचेही जाते. त्या जागी कोण जगले आणि कोण नाहीसे झाले, एवढे नीट पाहिले तरी गेल्या काही महिन्यांत नदीवर काय गुदरले ते समजते. अनेक देशांत याच आधारावर नद्यांची तपासणी होते. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही त्यासाठी निकष ठरवून ठेवले आहेत. नांदेडच्या गोदावरीला आणि लातूरच्या मांजरेला ही तपासणी नियमितपणे आणि जाहीरपणे लागू व्हायला हवी.

या जीवांचे महत्त्व त्यांच्या श्वासात आहे. मेफ्लाय नावाच्या नाजूक माशीचे पिल्लू पाण्यात वाढते. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ पानांसारखे कल्ले असतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर ते जगते. गाळाने कल्ले माखले की गुदमरते. कॅडिस माशीच्या अनेक अळ्या वाळूचे कण रेशमाने जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात. काही दगडांच्या फटीत जाळे विणतात आणि वाहत्या पाण्यातले अन्न त्यात अडकवून खातात. स्टोनफ्लाय त्याहून नाजूक, थंड आणि खळाळत्या पाण्याची. चतुर आणि टाचण्या पावसाळा सरताना बांधावर भिरभिरताना सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांचे बालपणही पाण्यातच जाते आणि त्यांतल्या कित्येक जातींना बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते.

दुसऱ्या टोकाला घाणीत तग धरणारे. कायरोनोमिड माशीच्या काही अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते आणि ऑक्सिजन जवळपास संपलेल्या गाळातही त्या त्याच्या बळावर जगतात. मत्स्यपेटीतल्या माशांना खायला घालतात ते ट्युबिफेक्स जंत चिखलात डोके खुपसून शेपटी वर हलवत राहतात आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन शेपटीवाटे घेतात. तोही उरला नाही की उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून थेट हवेत श्वास घेणाऱ्या अळ्या दिसू लागतात. एखाद्या ठिकाणी फक्त हेच जीव सापडले आणि तेही थव्यांनी, तर त्या पाण्याची अवस्था सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, मुंढवा-केशवनगर-खराडी भागात, डासांची वावटळ उठल्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले. असे उंच, खांबासारखे थवे करणे हा न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांचा स्वभाव असतो, हे जाणकारांनी तेव्हा लक्षात आणून दिले होते. चर्चा डासांवरच संपली. या माश्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात आणि सांडपाणी साचलेल्या पात्रात त्यांना भरपूर अन्न मिळते, प्रतिस्पर्धी मात्र उरत नाहीत. नदीच्या तळाची अवस्था तिथे कुठल्याही उपकरणाशिवाय हवेत दिसत होती.

ही विद्या नवी नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सांडपाणी मिसळलेल्या नदीत कुठल्या टप्प्यावर कोणते जीव आढळतात याची मांडणी केली. ब्रिटनमध्ये १९७६ साली खास कार्यगट नेमला गेला आणि त्यातून बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत तयार झाली. तिची रीत सोपी आहे. प्रत्येक जीवकुळाला १ ते १० पैकी गुण ठरलेले. दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०, चतुरांच्या बऱ्याच कुळांना ८, मोठ्या शिंपल्यांना ६, डबक्यात दिसणाऱ्या साध्या गोगलगायींना ३, कायरोनोमिड अळ्यांना २ आणि चिखलातल्या जंतांना १. एका जागी जी कुळे सापडली त्यांच्या गुणांची बेरीज करायची आणि कुळांच्या संख्येने भागायचे. एका जातीचे जीव किती निघाले याला इथे महत्त्व नाही. कोणकोणती कुळे निघाली याला आहे. २००० साली युरोपीय संघाने पाण्याविषयीचा चौकट कायदा केला. नदीची परिस्थितीकीय प्रत ठरवताना तळाच्या जीवांची पाहणी त्यात आवश्यक धरली आहे.

भारतात केंद्रीय मंडळाने नेदरलँड्समधील तज्ज्ञांच्या सहकार्याने यमुनेवर केलेल्या अभ्यासातून स्वतःचे निकष घडवले. त्यात दोन आकडे पाहतात. एक वर सांगितलेली गुणांची सरासरी, दुसरा विविधतेचा. विविधतेचा आकडा काढायला जीवांची नावेसुद्धा माहीत असावी लागत नाहीत. पकडलेले जीव जसे हाताला येतील तसे एका ओळीत मांडायचे आणि एकेक पाहत जायचे. शेजारचा जीव आधीच्यासारखाच असेल तर पुढे जायचे, वेगळा असेल तर नवी तुकडी मोजायची. शेवटी तुकड्यांच्या संख्येला एकूण जीवांनी भागायचे. उत्तर एकाच्या जवळ असेल तर तळ नाना प्रकारच्या जीवांनी भरलेला आहे. शून्याजवळ असेल तर एकाच जातीचे राज्य आहे. सातवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. या दोन आकड्यांवरून ठिकाणाला 'ए' ते 'ई' अशी पाचपैकी एक श्रेणी आणि एक रंग मिळतो: स्वच्छला निळा, किंचित प्रदूषितला फिकट निळा, मध्यमला हिरवा, जास्तला नारिंगी आणि अतिगंभीरला लाल.

हे निकष वापरून मंडळाने २०१७-१८ मध्ये गंगेची पाहणी केली. पावसाळ्यानंतर तपासलेल्या ३९ ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी, हरिद्वारला, पाणी जैविकदृष्ट्या स्वच्छ निघाले. गंगेच्या स्वच्छतेचे दावे त्या काळात वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळत होते. तळाच्या जीवांनी दिलेले उत्तर त्या दाव्यांहून कितीतरी कठोर होते, आणि म्हणूनच कामाचे.

गोदावरीला असे उत्तर मराठवाड्यात का हवे? पहिले कारण आपला उन्हाळा. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेने जिवाणू वेगाने घाण कुजवतात आणि आहे तो ऑक्सिजनही खातात. म्हणजे थंड देशातली नदी जेवढे सांडपाणी सोसून जाते, तेवढे मे महिन्यातली गोदावरी सोसू शकत नाही. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. उन्हात ते ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी पाणी तपासले तर आकडा उत्तम दिसतो. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन घेत राहतात आणि पहाटे चार-पाचला पाणी गुदमरलेले असते. सकाळी नदीवर गेलेल्या लोकांना मेलेल्या माशांचा खच दिसतो तो यामुळेही असू शकतो. मग चौकशी होते, कार्यालयीन वेळेत पाणी घेतले जाते आणि ऑक्सिजन 'समाधानकारक' निघतो. मासा वरच्या अंगाला पळूही शकतो. शिंपला आणि मेफ्लायचे पिल्लू त्या पहाटेतून सुटत नाहीत. ते तिथे नसणे हाच त्या पहाटेचा पुरावा.

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी दिली. त्यात सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते. नाशिकजवळच्या सोमेश्वरपासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी त्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट प्राधान्यगटात होती. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. ही वर्गवारी बीओडीवर होते. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला तर पट्टा प्रदूषित, ३० च्या वर गेला तर पहिल्या गटात. पण नाशिक ते राहेर हे अंतर शेकडो किलोमीटरचे आहे. एवढ्या लांब पट्ट्यात नांदेडच्या वाट्याचे पाप किती, परभणीच्या किती, वरून वाहत आलेले किती, हे एका यादीतून कळत नाही. विष्णुपुरी बंधाऱ्याच्या वर एक, शहराच्या घाटांवर एक, आसना नदी मिळाल्यानंतर एक आणि राहेरला एक, अशा चार ठिकाणच्या तळातले जीव शेजारी-शेजारी मांडले तर कुठल्या दोन ठिकाणांच्या मध्ये नदी कोसळते ते ताटात दिसेल.

नांदेडकरांना ही नदी परकी नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला रोज पहाटे गोदावरीतून गागर भरून नेण्याची परंपरा आहे. गुरुता गद्दीच्या ३०० व्या वर्षानिमित्त २००८ मध्ये शहरावर मोठा खर्च झाला, घाट देखणे झाले. पायऱ्यांवरून दिसणारी नदी सुधारली. पायऱ्यांच्या खाली, पाण्याच्या आत काय झाले, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था मात्र त्यासोबत उभी राहिली नाही. दशक्रियेला, स्नानाला, पर्वणीला नदीत उतरणाऱ्या माणसांचा तिच्यावर पहिला हक्क आहे, आणि नदीविषयीची माहिती त्यांना मिळायला हवी ती त्यांना वाचता येईल अशा रूपात.

सांडपाणी डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. विषाचे तसे नसते. जुलै २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या केनेट नदीत नेहमीची पाहणी करणाऱ्या स्वयंसेवकांना जाळ्यात किडे आणि झिंग्यासारखे जीव जवळपास सापडेनात. पाणी निर्मळ दिसत होते, मासे पोहत होते. त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवले, शोध सुरू झाला, आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्यातून नदीत गेल्याचे उघड झाले. सुमारे १५ किलोमीटरच्या पात्रातले तळाचे जीव त्याने मारून टाकले होते. हा शोध प्रयोगशाळेने आधी लावला नाही. दर महिन्याला जाळे टाकून कोण आहे, कोण नाही, एवढेच लिहून ठेवणाऱ्या लोकांनी लावला.

क्लोरपायरिफॉस हे नाव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा यांच्यावर आपल्याकडे जे काही फवारले जाते त्याचा एक भाग पहिल्या मोठ्या पावसात ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले, दुबार-तिबार पेरणीची वेळ आली आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतोशेत टाकल्या गेल्या. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पीक डोळ्यांदेखत जात होते. पण त्या पावसानंतर मांजरा, तेरणा, तावरजा, रेणा यांच्या पात्रात राहणाऱ्या जीवांचे काय झाले, हे पाहायला आपल्याकडे केनेटसारखी वहीच नव्हती. महिन्याच्या नेहमीच्या तपासणीत प्रत्येक कीटकनाशक शोधले जात नाही, आणि ते परवडणारेही नाही. तळाचे जीव नेमके कुठले रसायन होते ते सांगू शकत नाहीत, पण महागड्या चाचण्या कधी आणि कुठे करायच्या ते सांगू शकतात. उसाच्या हंगामात मळीचे पाणी सुटल्याच्या तक्रारी येतात तेव्हाही हेच लागू पडते. पाणी वाहून गेले तरी त्या ठिकाणच्या वरचे आणि खालचे जीव ताडून पाहता येतात.

युरोपातली गुणपत्रिका उचलून इथे चिकटवली तर मात्र चूक होईल. स्टोनफ्लायसारखे जीव थंड, डोंगरी पाण्याचे. दख्खनच्या तापलेल्या पठारावर ते फारसे नसणे हा प्रदूषणाचा पुरावा धरता येत नाही. मेफ्लायच्या एकाच कुळात सोशिक आणि नाजूक अशा दोन्ही जाती असतात, तेव्हा कुळाला दिलेला गुण प्रत्येक प्रदेशात तपासून घ्यावा लागतो. नेपाळने आपल्या नद्यांसाठी वेगळी गुणपद्धत केली. दक्षिण आफ्रिकेने केली, आणि तिची सोपी आवृत्ती फक्त १३ जीवगटांवर बेतून शाळांच्या हाती दिली. आपल्याकडे के. ए. सुब्रमण्यन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी जलकीटकांवरून गोड्या पाण्याची पाहणी कशी करावी याची पुस्तिका २००७ मध्ये बेंगळुरूच्या 'अत्री' या संस्थेतर्फे काढली. पाया आहे. त्यावर गोदावरी-मांजरेचे स्वतःचे माप बसवायचे आहे.

त्यासाठी आपल्या नद्या आज कशा आहेत ते आधी मान्य करायला हवे. नांदेड जिल्ह्यातली गोदावरी आता सलग वाहत नाही. अंतेश्वर, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव, बाभळी अशी ती एका बंधाऱ्याच्या फुगवट्यातून दुसऱ्याच्या फुगवट्यात उतरते. मांजरेवर साई, नागझरी, खुलगापूर, शिवणी, होसूर आणि इतर बॅरेजेसची अशीच माळ आहे. या साठ्यांनी शेती आणि शहरे जगवली, हे निर्विवाद. पण खळाळत्या उथळ पाण्यात राहणारा जीव साचलेल्या खोल पाण्यात राहत नाही, पाणी कितीही स्वच्छ असो. म्हणून फुगवट्याची तुलना फुगवट्याशी आणि वाहत्या टप्प्याची वाहत्या टप्प्याशीच करावी लागेल. चांगली नदी कशी असते याचे मूळ माप घ्यायला किनवट-माहूरच्या जंगलातले ओढे आणि सहस्रकुंडच्या आसपासची पैनगंगा अशा जागा शोधाव्या लागतील.

वाळूचे काय? गोदाकाठी महसूल पथकाने तराफे जाळल्याच्या, सक्शन पंप जप्त केल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. त्या बातम्यांत वाळू म्हणजे बुडालेला महसूल असतो. तळाच्या जीवांच्या बाजूने वाळू म्हणजे घर आहे. शिंपला तिच्यात रुतून बसतो, चतुराच्या काही जातींची पिल्ले तिच्यात दडून शिकार करतात. यंत्राने वाळू ओढली की हे सगळे वाळूसोबत हायवा ट्रकमध्ये जातात, आणि उरलेला गाळ खालच्या दगडांवर बसून मेफ्लायला गुदमरवतो. पाण्याचे आकडे या काळात अगदी ठीकठाक राहू शकतात. वाळूउपशाने नदीचे नेमके किती नुकसान झाले हे न्यायालयात सिद्ध करायचे असेल, तर तळाच्या जीवांची जुनी-नवी नोंद हा फार भक्कम आधार ठरेल.

खोलीकरणाबाबतही हेच अवघड बोलणे बोलायला हवे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. त्याच उन्हाळ्यात 'जलयुक्त लातूर' चळवळीने लोकवर्गणी करून मांजरेचे पात्र खोल आणि रुंद केले. तहानलेल्या शहराने स्वतःच्या हिमतीवर केलेले ते मोठे काम होते आणि त्याचा आदरच वाटतो. पण पात्रातले गोटे, खडे, वाळूचे थर, उथळ आणि खोल जागांची अदलाबदल हे सगळे यंत्राने सपाट केले की नदीची स्वतःला साफ करण्याची ताकद घटते, कारण घाण खाणारे, शेवाळ खरवडणारे, पाणी गाळणारे जीव तिथे परत बसायला जागा उरत नाही. पुढच्या प्रत्येक खोलीकरणाआधी आणि नंतर तळाची पाहणी सक्तीची केली तर पाणी साठवणे आणि नदी राखणे यांचा मेळ कुठे बसतो ते तरी कळेल.

शिंपल्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण मराठवाड्याच्या नद्यांचा हा खरा जाणकार जीव आहे. जुन्या माणसांना शिंपीला भोक पाडून कैरी सोलल्याचे आठवत असेल. हा जीव पाणी आत ओढतो, त्यातले अन्नकण गाळून घेतो आणि पाणी बाहेर सोडतो. दिवसाला कित्येक लिटर. उन्हाळ्यात पात्र आटले तर ओल्या चिखलात खोल जाऊन काही काळ तग धरतो. त्याची संतती मात्र माशांवर अवलंबून असते. गोड्या पाण्यातल्या या मोठ्या शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस काढतात आणि मग तळाशी उतरतात. योग्य मासा नसेल तर शिंपल्याची पुढची पिढी नाही. म्हणून पाहणीत फक्त मोठे, जुने शिंपले सापडले आणि बोटाच्या पेराएवढे एकही सापडले नाही, तर त्या जागी नदीने प्रजनन थांबवले आहे असे समजावे. मासळीवर जगणाऱ्या भोई कुटुंबांना कुठल्या डोहात पूर्वी काय निघत असे हे तोंडपाठ असते. ते ज्ञान लिहून घेण्याची वेळ आहे. ती माणसे आता थकत चालली आहेत.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. पाणी पिण्याजोगे आहे का, ते तळाचे जीव सांगत नाहीत. त्यासाठी जिवाणूंची चाचणीच हवी. मोठ्या पुरानंतर तळ धुऊन निघतो आणि जीव परतायला काही आठवडे लागतात, तेव्हा पूर ओसरताच घेतलेली नोंद फसवी ठरते. हाताशी माणसे शिकलेली नसतील तर कुळे ओळखण्यात चुका होतात. यातला एकही आक्षेप काम न करण्याचे कारण होत नाही. प्रत्येकाला उत्तर आहे आणि ते उत्तर शिस्तीत आहे. तेच ठिकाण, तोच हंगाम, तेवढाच वेळ जाळे, तीच वही.

साहित्य साधे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास छिद्रांचे, लांब दांड्याचे जाळे. प्रवाहाच्या खालच्या बाजूला ते धरायचे, वरच्या बाजूला पायाने दगड-वाळू ढवळायची, ठरावीक मिनिटे. जाळ्यात आलेले पांढऱ्या ताटात ओतायचे, भिंगाने पाहायचे, मोजायचे आणि जिवंत परत सोडायचे. अख्खा संच काही हजारांत तयार होतो. लागतात ती माणसे, आणि ती इथेच आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ विष्णुपुरीतच, नदीच्या जवळ आहे. त्याच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे येतात, म्हणजे मराठवाड्यातल्या खालच्या गोदावरीचे आणि लातूरच्या मांजरेचे खोरेच. या जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते आणि नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांकही मिळतात. वर्षानुवर्षे तेच ते प्रकल्प उतरवून काढण्यापेक्षा प्रत्येक महाविद्यालयाने नदीचा एक टप्पा घ्यावा. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून सुरू झालेल्या 'चला जाणूया नदीला' अभियानाने राज्यातल्या ७५ नद्यांच्या यात्रा काढल्या, माणसे जोडली. त्या माणसांच्या हाती जाळे आणि वही दिली तर यात्रेचे रूपांतर कायमच्या पहाऱ्यात होईल.

वेळापत्रकही आयते आहे. बाभळीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहतात; त्या चार महिन्यांत नदीला वाट असते, एरवी तिथे फुगवटा असतो. म्हणून पहिली पाहणी दरवाजे बंद झाल्यानंतर पाणी स्थिरावले की नोव्हेंबरच्या अखेरीस आणि दुसरी पात्र आटायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गोदावरीवर विष्णुपुरी, शहराचे घाट, आसना संगमाच्या खाली, आमदुरा, राहेर आणि बाभळी ही सहा ठिकाणे. मांजरेवर धनेगाव धरणाच्या खाली, नागझरीला, आणि तेरणा मिळण्याआधी व मिळाल्यानंतर. ओळख पटवण्याचे काम विद्यापीठाने तपासून द्यावे, खर्च नांदेड आणि लातूर या दोन्ही महापालिकांनी पर्यावरणाच्या तरतुदीतून उचलावा, आणि प्रत्येक ठिकाणाचा रंग प्रदूषण मंडळाने आपल्या अहवालात बीओडीच्या शेजारच्या रकान्यात छापावा. नगीनाघाटावर आणि गोवर्धन घाटावर तोच रंग फलकावर लावावा, तारखेसह. निळा नसेल तर महासभेत त्या रंगाचे कारण विचारले जावे, आणि पुढच्या पाहणीपर्यंत कोणता नाला अडवणार, कुठली वाळू थांबवणार, याचे लेखी उत्तर त्याच फलकाखाली चिकटवले जावे.